आधी जमीन, मग आडनाव

1183 साली इंग्लंडमधल्या डरहॅमचे बिशप ह्यू द पुइसे यांनी आपल्या जमिनींची पाहणी करवली. कोणत्या गावाकडून किती रोकड आणि कोणती चाकरी येणं आहे, याची ही लॅटिन नोंदवही ‘बोल्डन बुक’ नावाने ओळखली जाते. तिच्यात एक छोटी नोंद आहे. विल्यम द हर्टबर्न याच्याकडे वेसिंग्टन गाव आहे, चर्च आणि चर्चची जमीन वगळून. हे गाव त्याला हर्टबर्नच्या बदल्यात मिळालं. त्याने 4 पौंड खंड भरायचा आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला 4 ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहायचं.

‘द’ म्हणजे ‘अमुक गावचा’. हर्टबर्न हातचं गेलं होतं, तरी लेखनिकाने त्याला हर्टबर्नचाच म्हटलं. पुढे हाच माणूस विल्यम द वेसिंग्टन झाला. जमीन आधी बदलली, नाव मागाहून बदललं आणि बोल्डन बुकात नेमका मधला काळ नोंदला गेला. त्या शतकात असं नाव पत्त्यासारखं होतं; जमिनीबरोबर तेही पालटायचं.

बोल्डन बुकाची मूळ प्रत आज नाही, नंतरच्या नकला आहेत. त्यामुळे ‘वेसिंग्टन’ हे अक्षरलेखन 1183चंच आहे असं धरता येत नाही. भरवसा ठेवायचा तो व्यवहाराच्या तपशिलावर.

गावाचं नाव त्याहून जुनं. ‘टून’ म्हणजे वस्ती, ‘इंग’ संबंध दाखवणारं आणि आरंभी एका माणसाचं नाव, बहुधा ह्वेसा. म्हणजे माणसावरून गाव, गावावरून आडनाव. ‘वेसिंग्टन’चंच पुढे ‘वॉशिंग्टन’ झालं. आणखी एक वॉशिंग्टन ससेक्समध्येही आहे. म्हणून नुसत्या नावसाम्यावरून घराण्याचं मूळ ठरवता येत नाही, कागद लागतो.

1539 साली या घराण्यातल्या लॉरेन्स वॉशिंग्टनने नॉर्थॅम्प्टनशरमधलं सल्ग्रेव्ह विकत घेतलं. आता मात्र कोणी ‘सल्ग्रेव्ह’ झालं नाही. नाव जमिनीपासून सुटून वंशाला चिकटलं होतं. 1650च्या दशकात जॉन वॉशिंग्टनबरोबर ते व्हर्जिनियाला पोहोचलं आणि 1791 साली त्याच्या पणतूवरून, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यावरून, अमेरिकेच्या नव्या राजधानीचं नाव ठरलं.

पुढच्याच वर्षी जॉर्ज वॉशिंग्टन यांनी वंशावळीची चौकशी करणाऱ्या आयझॅक हर्ड यांना कळवलं, की पूर्वज उत्तरेकडच्या कोणत्या परगण्यातून आले ते नेमकं आठवत नाही. घराण्याला पडलेला हा विसर खंडाच्या त्या एका नोंदीने भरून काढला आहे.