आरटीएक्स ३०६० की ४०६०? वडोदऱ्याहून ग्राफिक्स कार्ड आणण्याआधी हे बघा

वडोदरा स्टेशनच्या एका अंगाला सयाजीगंज आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठ, दुसऱ्या अंगाला अलकापुरी. सीमेकडची जी पोरं इथं फाइन आर्ट्स किंवा इंजिनीअरिंगला आहेत, जे लग्नाचे व्हिडिओ एडिट करून पोट भरतात, ते अलकापुरीत चौकशी करतात तेव्हा बजेट ठरलेलं असतं आणि प्रश्न एका जागी अडतो: एनव्हिडियाचं जुनं ३०६० घ्यायचं, १२ जीबीचं, की नवं ४०६०, ८ जीबीचं? काउंटरवरचा माणूस सहसा ‘नवं घ्या’ म्हणतो. ते नेहमी बरोबर नसतं.

एक गैरसमज आधी काढून टाकू. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये; पण ग्राफिक्स कार्डावरचा जीएसटी रुळाच्या दोन्ही टोकांना १८ टक्केच. राज्य ओलांडलं म्हणून कर वाचत नाही. वाचला तर दुकानदाराच्या भावातच वाचतो.

कागदावर काय दिसतं

३०६० बाजारात आलं फेब्रुवारी २०२१ मध्ये, ४०६० जून २०२३ मध्ये. अमेरिकेतली सुरुवातीची किंमत अनुक्रमे ३२९ आणि २९९ डॉलर. जुन्यात ३५८४ कुडा कोर, नव्यात ३०७२. म्हणजे नव्यात कोर कमी! तरी ते वेगवान आहे, कारण त्याचे कोर २.४६ गिगाहर्ट्झपर्यंत धावतात, जुन्याचे १.७८ पर्यंत. दोन्हींचा गुणाकार करून पाहिला तर नवं साधारण १९ टक्के पुढे निघतं. खुद्द एनव्हिडियाचा दावाही १०८०पी गेमिंगमध्ये सरासरी २० टक्क्यांचाच होता. जाहिरातीत दिसणारा ७० टक्क्यांचा आकडा फ्रेम जनरेशन चालू ठेवून काढलेला. त्यात कार्ड दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक स्वतः बनवून घालतं. ही सोय ४०६० मध्ये आहे, ३०६० मध्ये नाही. चित्र गुळगुळीत दिसतं, पण माऊस हलवल्यावर गेम प्रतिसाद किती लवकर देतो, ते त्याने सुधारत नाही. शिवाय गेम सोडून इतर बहुतेक कामात तिचा उपयोग होत नाही.

मेमरीचं गणित उलटं आहे. ३०६० ची मेमरी १२ जीबी आणि तिचा रस्ता १९२ बिट रुंद, ४०६० ची ८ जीबी आणि रस्ता १२८ बिट. सेकंदाला जुनं कार्ड ३६० जीबी माल हलवतं, नवं २७२ जीबी. ही कसर भरून काढायला नव्यात एल२ कॅश ३ एमबीवरून २४ एमबी केली. सोप्या भाषेत, गोडाऊन लहान केलं, गोडाऊनचा रस्ता अरुंद केला, पण काउंटरमागचं फडताळ आठपट मोठं दिलं. रोजचं गिऱ्हाईक फडताळातल्या मालावर भागतं. एकदम मोठी ऑर्डर आली की पंचाईत.

मोठी ऑर्डर म्हणजे काय?

ब्लेंडरमध्ये ४के टेक्श्चर, केसांचे पार्टिकल, झाडांनी भरलेला सीन. मेमरीत मावतोय तोवर ४०६० पुढे राहतं. ८ जीबीच्या वर गेला की रेंडर कॉम्प्युटरच्या साध्या रॅमवर जाऊन रेंगाळतो, नाहीतर मेमरी संपल्याचा एरर देऊन थांबतो. सबमिशनच्या आदल्या रात्री हे झालं तर २० टक्के वेगाचं काय लोणचं घालायचं? घरच्या कॉम्प्युटरवर एआय मॉडेल चालवायचं असेल तरी हाच हिशेब. आठ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ८ बिटमध्ये ठेवायला नुसती ८ जीबी लागते, वर चालवायला जागा वेगळी. १२ जीबीत ते बसतं, ८ मध्ये नाही. ४ बिटमध्ये दाबलं तर दोन्हीत चालतं.

आणखी एक खोच. ४०६० मदरबोर्डाशी आठच लेननी बोलतं, ३०६० सोळांनी. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर फारसं जाणवत नाही. पण चार-पाच वर्षं जुन्या ३.० बोर्डावर ४०६० ला सेकंदाला जेमतेम ८ जीबीची वाट मिळते. मेमरी भरली की तिथे नाक दाबल्यासारखं होतं. जुन्याच कॉम्प्युटरमध्ये नवं कार्ड घालणाऱ्यांनी बोर्डाचं मॉडेल लिहून न्यावं.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी

एव्ही१ मध्ये एक्स्पोर्ट करायचं तर फक्त ४०६०. साध्या एच.२६४ आणि एच.२६५ ला दोन्ही चालतात. मात्र नवीन कॅमेऱ्यांचं १० बिट ४:२:२ फुटेज अडकतंय म्हणून कार्ड बदलत असाल तर थांबा. ते हार्डवेअरवर उलगडणं या दोन्ही कार्डांना जमत नाही. त्या कामाला इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे, अंगभूत ग्राफिक्स असलेले डेस्कटॉप प्रोसेसर एच.२६५ पुरते उपयोगी पडतात. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेला प्रोसेसर घेतलात तर तेही गेलं.

विजेत ४०६० उघड जिंकतं: ११५ वॅट विरुद्ध १७० वॅट. रोज सहा तास पूर्ण भार, वर्षाला ३०० दिवस धरले तर फरक साधारण १०० युनिटचा. आठ रुपये युनिट धरा, आठशे रुपये. उन्हाळ्यात बिन एसीच्या खोलीत ५५ वॅटची कमी उष्णता हा फायदा कदाचित पैशापेक्षा मोठा.

म्हणून फक्त गेम, एडिटिंग, नवा बोर्ड असेल तर ४०६०. थ्रीडी आणि एआय शिकणाऱ्याने १२ जीबीचं ३०६० नाकारू नये. २०२५ मध्ये आलेलं साधं ५०६० सुद्धा ८ जीबीवरच आहे.

फसायच्या जागा

३०६० चं एक ८ जीबीचं भावंडं २०२२ मध्ये आलं. नाव तेच, पण रस्ता १२८ बिट आणि वेग २४० जीबी. ते कुठल्याच हिशेबात बसत नाही. सेकंडहँड घेताना तर दुकानातच कार्ड लावून जीपीयू-झी हे फुकट सॉफ्टवेअर चालवावं. बस विड्थ १९२ दिसली पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि त्यात राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. त्यांचे पंखे आणि थर्मल पॅड थकलेले असू शकतात, म्हणून वीस मिनिटं भार देऊन तापमान बघावं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर वडोदऱ्यात घरादारांत शिरला होता. त्यामुळे स्क्रूवर गंज, स्लॉटच्या दातांवर हिरवट डाग दिसला तर भाव कितीही पडलेला असो, कार्ड परत ठेवावं.

नव्या कार्डाचं बिल पक्कं घ्यावं, आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा. खोक्यावरचा, कार्डाच्या पाठीवरचा आणि बिलावरचा नंबर काउंटरवरच जुळवावा. गाडीत बसल्यावर फरक लक्षात आला तर वॉरंटीसाठी पुन्हा वडोदरा गाठावं लागतं.