रोमचे अनवाणी पाय : न बसलेल्या बुटांची गोष्ट

१/
१० सप्टेंबर १९६०. रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन सायंकाळी सुरू झाली आणि संपेपर्यंत अंधार पडला होता. कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी सर्वांत आधी पोहोचलेल्या धावपटूच्या पायांत बूट नव्हते. अबेबे बिकिला, इथिओपियाच्या सम्राटांच्या अंगरक्षक दलातील शिपाई. वेळ २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद, तोवरची जगातील सर्वोत्तम.

२/
या शर्यतीतून दोन दंतकथा जन्मल्या. पहिलीत बूट न परवडणारा गरीब आफ्रिकी आहे. दुसरीत बुटांची गरजच नसलेला निसर्गपुत्र आहे. दोन्ही ऐकायला सुरस आहेत, आणि दोन्ही चुकीच्या आहेत. अबेबे यांनी बूट नाकारले नव्हते. पायाला न बसणारे बूट नाकारले होते.

३/
रोममध्ये आल्यावर त्यांनी धावण्याचे नवे बूट विकत घेतले. ते पायाला नीट बसेनात, फोड आले. मराठीत अशा वेळी ‘बूट चावतो’ म्हणतात. चार पावलांच्या वाटेवर चावरा बूट सोसता येतो. ४२ किलोमीटरांवर तोच शर्यत संपवतो. अनवाणी धावणे त्यांना नवे नव्हते. त्यांनी बूट बाजूला ठेवले.

४/
हा निर्णय समजून घेण्यासाठी पायाकडे पाहावे लागते. दीर्घ पल्ल्यात पाय तापतो, घामेजतो आणि काहीसा सुजतो. बूट सैल असेल तर पाऊल आत सरकते, घट्ट असेल तर बोटे दाबली जातात. एकाच जागी हजारो वेळा घासले की त्वचा सोलवटते. रोमच्या मार्गात प्राचीन अ‍ॅपियन रस्त्याचा दगडी भागही होता. तरीही चुकीच्या बुटापेक्षा तो दगड बरा ठरला.

५/
या मार्गावर आणखी एक दगड होता : अक्सुमचा स्तंभ. इथिओपियावर कब्जा केल्यानंतर मुसोलिनीच्या राजवटीने तो १९३७ मध्ये रोमला आणला होता. शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात, याच स्तंभाच्या परिसरात अबेबे यांनी वेग वाढवला आणि मोरोक्कोच्या ऱ्हादी बेन अब्देस्सलाम यांना मागे टाकले. तो स्तंभ मायदेशी परतायला २००५ साल उजाडले.

६/
दंतकथेची खरी कसोटी चार वर्षांनी लागली. टोकियो, २१ ऑक्टोबर १९६४. साधारण पाच आठवड्यांपूर्वी अबेबे यांच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली होती. तरीही वेळ २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद, पुन्हा जागतिक विक्रम. दुसरा धावपटू चार मिनिटांहून अधिक मागे. ऑलिंपिक मॅरेथॉन दोनदा जिंकणारे ते पहिले. आणि या वेळी पायांत मोजे होते, बूटही होते : प्यूमाचे.

७/
अनवाणीपण हे त्यांचे तत्त्व असते, तर टोकियोत ते बूट घालून उभे राहिले नसते. मग लोकांच्या स्मरणात टोकियोचे बूट का राहिले नाहीत? कारण १९६० हे साल. त्या एका वर्षात आफ्रिकेतील १७ देश स्वतंत्र झाले. अशा काळात अनवाणी विजेत्याचे छायाचित्र प्रतीक बनायला वेळ लागला नाही.

८/
प्रतीकाची किंमत मात्र धावपटूलाच मोजावी लागते. ‘निसर्गदत्त’ म्हटले की प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांच्या देखरेखीखालचा आखीव सराव, अदिस अबाबाच्या उंचीवरील मेहनत आणि शर्यतीचे डावपेच, सारे पुसले जाते. विचार करून घेतलेला निर्णय मग केवळ उपजत प्रवृत्ती वाटू लागतो.

९/
अनवाणी धावण्याचा दुसरा अर्थ पुण्यात सापडतो. पहिल्या महायुद्धानंतर डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत सर दोराबजी टाटा यांनी शेतात राबणारी मुले अनवाणी धावताना पाहिली. ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना १९२९ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही आठवण नोंदवली : ना शास्त्रशुद्ध सराव, ना पुरेसा आहार, तरी वेळा युरोपशी तुलना करण्याजोग्या.

१०/
त्यातूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय चमू उभा राहिला. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथील मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. पुण्याच्या त्या मैदानावरील मुलांचे अनवाणीपण ही परिस्थिती होती; रोममधील अबेबे यांचे अनवाणीपण ही निवड होती. चित्र एकसारखे दिसते, इतिहास वेगळा आहे.

११/
आता प्रश्न बुटांकडे वळतो : पायाला बसणारा जोड इतका दुर्मिळ का होता? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डाव्या-उजव्याचा भेद नसलेले बूटही सर्रास बनत. पुढे साचे सुधारले, पण कारखान्याचा साचा सरासरी पायासाठी असतो. आणि सरासरी पाय कोणाचाच नसतो.

१२/
ज्यांनी आधी पाय पाहिला, त्यांनी मार्ग काढला. जपानच्या कोबे शहरात किहाचिरो ओनित्सुका यांनी १९४९ मध्ये उद्योग सुरू केला. १९५१ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारे शिगेकी तानाका अंगठा वेगळा ठेवणाऱ्या पारंपरिक ‘ताबी’च्या धर्तीचे बूट घालून धावले. पुढे ओनित्सुका यांनी फोडांचा माग काढला. मूळ घर्षणाच्या उष्णतेत आहे हे ओळखून त्यांनी हवा खेळती ठेवणारा मॅरेथॉनचा बूट घडवला.

१३/
अमेरिकेत ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन आपल्या खेळाडूंसाठी स्वतः बूट शिवत. वजन कमी करणे हा त्यांचा ध्यास. १९७१ मध्ये त्यांनी स्वयंपाकघरातील वॉफलच्या साच्यात रबर ओतले आणि जमिनीवर पकड घेणारा नवा तळवा जन्मला. त्यांनी सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या कंपनीचे नाव पुढे नायके झाले.

१४/
त्यानंतर पर्यायांचा पूर आला : जाड गादी, कमानीला आधार, पाऊल आत वळू न देणारी रचना. मात्र बेन्नो निग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पाऊल आत वळणे आणि दुखापत यांच्या नात्याला भक्कम आधार आढळला नाही. त्यांनी सुचवलेला निकष साधा होता : धावणाऱ्याला जो बूट सुखकर वाटतो, त्यावर विश्वास ठेवावा.

१५/
हे ज्ञान अबेबे यांना रोममध्ये कोणी प्रबंधातून दिले नव्हते. ते फोडांनी दिले. तिथे योग्य जोड मिळाला नाही, म्हणून ते अनवाणी धावले. टोकियोत मिळाला, म्हणून घालून धावले. दोन्ही वेळा निर्णयाचा अधिकार त्यांनी पायाकडे ठेवला. अनवाणी नायकाच्या दंतकथेपेक्षा हा विवेक अधिक मोठा आहे, आणि तो त्यांच्या नावावर जमा व्हायला हवा.