‘प्रेमनगर’ : कादंबरीतून पडद्यावर आलेला महाल

‘प्रेमनगर’ म्हटले की आपल्याकडील रसिकांना राजेश खन्ना आणि हेमा मालिनी आठवतात, सचिन देव बर्मन यांचे संगीत आठवते. १९७४ सालचा तो हिंदी चित्रपट म्हणजे या कथेचे तिसरे रूप होते. मूळ चित्रपट तेलुगू. तो २४ सप्टेंबर १९७१ रोजी प्रदर्शित झाला. त्याच्याही मागे त्याच नावाची एक तेलुगू कादंबरी होती आणि ती लिहिणारी लेखिका होती कोडूरी कौसल्यादेवी. हिंदीपर्यंत पोहोचताना लेखिकेचे हे नाव बहुतेकांच्या विस्मरणात गेले. या कथेचा खरा गाभा मात्र तिच्या लेखणीतच सापडतो. म्हणूनच या चित्रपटाची माहिती कादंबरीपासून सुरू करणे इष्ट.

१९६० च्या दशकात तेलुगू साहित्यात स्त्रियांच्या कादंबऱ्यांची लाट आली. ‘आंध्रप्रभा’, ‘आंध्रज्योती’, ‘आंध्रपत्रिका’ यांच्या साप्ताहिक अंकांतून कादंबऱ्या क्रमशः छापल्या जात आणि पुढच्या प्रकरणासाठी घराघरांतून अंकाची वाट पाहिली जाई. मुप्पाळ रंगनायकम्मा, यद्दनपूडी सुलोचनाराणी, मालती चंदूर, कोडूरी कौसल्यादेवी ही नावे त्या काळी चित्रतारकांइतकीच परिचित होती. लेखिकांना मिळणारी मागणी पाहून काही पुरुष लेखकांनी स्त्रियांची टोपणनावे घेऊन लेखन केले. मराठीत याच्या उलट प्रकारच अधिक आढळेल.

या कादंबऱ्यांवर समीक्षकांनी स्वप्नरंजनाचा ठपका ठेवला. त्यात तथ्य आहे. उंचापुरा, श्रीमंत, मनातून एकाकी नायक आणि मध्यमवर्गातील स्वाभिमानी नायिका हा साचा अनेक कादंबऱ्यांत दिसतो. परंतु या साच्यातील नायिका नोकरी करते, ही गोष्ट त्या आक्षेपात निसटून जाते. यद्दनपूडी यांच्या ‘सेक्रेटरी’ मधील जयंती कार्यालयात काम करते. कौसल्यादेवींची लता विमानात हवाई सुंदरी आहे. घराबाहेर पडून पगार मिळवणाऱ्या पहिल्या पिढीतील मुली आणि त्यांना बाहेर पाठवताना धास्तावलेल्या त्यांच्या आया, दोघींनाही या कादंबऱ्यांत आपला प्रश्न सापडत होता. परक्या पुरुषाच्या हाताखाली काम करायचे तर स्वतःचा मान कसा राखायचा, हा तो प्रश्न.

कौसल्यादेवींच्या कथेकडे चित्रपटसृष्टी वळली ती ‘प्रेमनगर’ च्याही आधी. त्यांच्या ‘चक्रभ्रमणम्’ या कादंबरीवरून आदुर्ती सुब्बाराव यांनी ‘डॉक्टर चक्रवर्ती’ (१९६४) हा चित्रपट काढला. आंध्र प्रदेश सरकारने त्याच वर्षापासून सुरू केलेल्या नंदी पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पहिला मान त्याला मिळाला. त्या चित्रपटाचेही नायक अक्किनेनी नागेश्वरराव होते.

‘प्रेमनगर’ पडद्यावर आणण्याचे धाडस केले डी. रामानायडू यांनी. कारमचेडू या गावच्या शेतकरी कुटुंबातील हा तरुण मद्रासला येऊन चित्रपटनिर्मितीत उतरला होता. तेलुगू चित्रपटांचा कारभार तेव्हा प्रामुख्याने मद्रासहून चाले. सुरेश प्रॉडक्शन्सच्या ‘रामुडू भीमुडू’ (१९६४) या चित्रपटाने त्यांना मोठे यश दिले. एन. टी. रामाराव यांची दुहेरी भूमिका असलेल्या त्या कथेचा पुढे हिंदीत ‘राम और श्याम’ झाला. त्यानंतरची वर्षे मात्र रामानायडूंना जड गेली. लागोपाठच्या अपयशाने हात पोळले होते. हा चित्रपट पडला तर गावी परतून शेती करायची असे आपण ठरवले होते, हे ते पुढे अनेकदा सांगत. अशा स्थितीत माणूस खर्चाला कात्री लावतो. रामानायडूंनी रंगीत चित्रपट, भव्य सजावट आणि त्या काळातील सर्वांत मागणी असलेली नायक-नायिकेची जोडी असा डाव मांडला. नागेश्वरराव आणि वाणिश्री यांचा ‘दसरा बुल्लोडू’ त्याच वर्षाच्या आरंभी तुफान चालला होता. तो खेड्यातला, शेताशिवारातला, नाचगाण्यांचा चित्रपट. ‘प्रेमनगर’ ची प्रकृती अगदी वेगळी होती.

दिग्दर्शक के. एस. प्रकाशराव, संवाद व गीते आचार्य आत्रेय यांची, संगीत के. व्ही. महादेवन यांचे, मुख्य स्वर घंटसाल व पी. सुशीला यांचे. भूमिकांत नागेश्वरराव व वाणिश्री यांच्यासह शांताकुमारी, एस. व्ही. रंगाराव, गुम्मडी आणि कैकाल सत्यनारायण यांच्यासारखे कसलेले कलावंत होते.

कथा थोडक्यात अशी. कल्याण हा जमीनदार घराण्यातला धाकटा मुलगा. वैभव आहे, आईची माया नाही. दारू आणि चैन यांत तो बुडालेला आहे. लता ही साध्या घरातली, कुटुंबाला हातभार लावणारी मुलगी. विमानप्रवासात दोघांची प्रथम गाठ पडते. पुढे लता एका संकटात सापडते, कल्याण तिला सोडवतो आणि तिला आपली सेक्रेटरी नेमतो. तिच्या सहवासात त्याची दारू सुटते. आपल्या प्रियेसाठी तो ‘प्रेमनगर’ नावाचा महाल बांधतो. ही प्रिया कोण, हे लतेला ठाऊक नसते. तो तिला एका दालनात पाठवतो आणि तिथल्या आरशांत तिला स्वतःचेच प्रतिबिंब दिसते. हा प्रसंग तेलुगू प्रेक्षकांच्या कायमचा स्मरणात राहिला. यानंतर घरातील कारस्थानातून लतेवर दागिन्याच्या चोरीचा आळ येतो आणि कल्याणच्याही मनाला संशय शिवतो. लता निघून जाते. सत्य उघड होते, कल्याण क्षमा मागतो. ती परतत नाही. तिचे लग्न दुसरीकडे ठरते. कल्याण विष घेतो, आणि मरणाच्या दारातून परत आलेल्या नायकाशी नायिकेचे मीलन होऊन चित्रपट संपतो.

एवढ्यावरून ही मद्यपी नायकाच्या उद्धाराची कहाणी वाटेल. जाहिरातीत तसेच दिसले आणि नागेश्वररावांच्या पूर्वेतिहासामुळे प्रेक्षकांनीही प्रथम तसेच पाहिले असणार. १९५३ साली वेदांतम् राघवय्या यांच्या ‘देवदासू’ मध्ये त्यांनी शरच्चंद्रांचा देवदास साकारला होता आणि त्या भूमिकेने त्यांच्या नावावर जणू शिक्का मारला. झोपाळलेले डोळे दिसावेत म्हणून चित्रणापूर्वी दहीभात खाऊन रात्री काम केल्याची आठवण सांगितली जाते. देवदासनंतर हातात पेला घेतलेला नागेश्वरराव दिसला की प्रेक्षक शोकान्ताची तयारी करूनच बसत. रामानायडू आणि प्रकाशराव यांनी या तयारीचा उपयोग करून घेतला. आचार्य आत्रेयांना तेलुगू रसिक ‘मनसु कवी’ म्हणजे मनाचा कवी म्हणत, कारण त्यांच्या गीतांत ‘मनसु’ हा शब्द पुन्हा पुन्हा येई. त्यांनी उत्तरार्धात कल्याणच्या तोंडी घातलेली विरहगीते घंटसालांच्या भरदार, किंचित थकलेल्या आवाजात ऐकताना देवदासची आठवण येणे अपरिहार्यच आहे. महादेवन यांची रीत अशी की आधी गीत लिहून यावे आणि त्याला मग चाल लावावी. शब्द इतके स्पष्ट आणि बोलण्याच्या इतके जवळचे राहिले, त्याचे एक कारण ही रीत असावी. महादेवन हे तमिळ प्रांतातले. तेलुगू शब्दांचे वजन त्यांना किती नेमके कळत होते, याचे आश्चर्य वाटते.

देवदास आणि कल्याण यांच्यात फरक मोठा आहे. देवदासला पार्वती गमावल्यावर दारू सापडते. कल्याणच्या हाती पेला आधीपासूनच आहे आणि प्रेयसी दुरावल्यावर तो पुन्हा पेला हाती घेत नाही. लतेला दिलेला शब्द ती नसतानाही तो पाळतो. विष चालेल, दारू नाही, इथपर्यंत हा हट्ट जातो. आपल्याकडील वाचकाला येथे गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ आठवल्यावाचून राहणार नाही. तिथे सुधाकराच्या व्यसनाची किंमत सिंधू स्वतःच्या प्राणाने चुकवते आणि पतीबद्दल तक्रारीचा शब्द काढत नाही. कौसल्यादेवींची लता सिंधूच्या वाटेने जात नाही. व्यसनी माणसावर तिचे प्रेम जडते, त्याच्यासाठी ती झटते. पण आपल्यावर चोरीचा संशय घेणाऱ्या माणसाजवळ ती थांबत नाही.

चित्रपटाचा उत्तरार्ध याच एका नकारावर उभा आहे. तोवर कल्याणने तिला सर्व काही दिले आहे: नोकरी, संरक्षण, महाल, आरशांचे दालन. या देण्यांच्या यादीत विश्वास एकदा कमी पडतो आणि बाकी सगळे निरर्थक ठरते. पगार देणारा आणि प्रेम करणारा हा एकच माणूस असेल, तर त्याच्या संशयाला दुहेरी धार असते. मालकाने नोकराकडे दागिन्याचा हिशेब मागितलेला असतो आणि प्रियकराने प्रेयसीच्या चारित्र्यावर बोट ठेवलेले असते. लतेला या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी कळतात. वाणिश्रींनी हा भाग रडून भेकून केलेला नाही, ताठ मानेने केला आहे. सावित्रीनंतरच्या पिढीतील आघाडीची नायिका म्हणून त्यांची जागा या काळात पक्की झाली. त्यांच्या साड्यांची आणि अंबाड्यांची नक्कल आंध्रातल्या मुली करू लागल्या.

लतेच्या पेशाकडेही आज नव्याने पाहता येते. हवाई सुंदरीची नोकरी त्या काळी झगमगीत मानली जाई, तरी तिच्या अटी जाचक होत्या. एअर इंडियाच्या नियमांनुसार नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले किंवा पुढे पहिल्यांदा दिवस गेले की नोकरी संपे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात गरोदरपणाची अट रद्द केली. कादंबरी व चित्रपट या तपशिलांत शिरत नाहीत. पण ज्या मुलीला जमिनीवर आणि आकाशात दोन्हीकडे इतरांच्या मर्जीवर जगावे लागते, तिने स्वतःचा एक नकार जपून ठेवावा, हे त्यामुळे अधिक समजते.

महालाचेही असेच. मद्रास प्रांतातील जमीनदाऱ्या १९४८ च्या कायद्याने संपुष्टात आल्या होत्या. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षीच्या डिसेंबरात घटनेच्या सव्विसाव्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. प्रेक्षक पडद्यावर जो डामडौल पाहत होते, तो बाहेर मावळला होता. म्हणूनच कदाचित तो इतका मोहक वाटला. जमीनदाराच्या वाड्यातील भाऊबंदकी आणि आईचा करारीपणा हे सगळे नाटकी अंगाने येते. काही विनोदी प्रसंग आज कंटाळवाणे वाटतात. अखेर तर मला पूर्णपणे पटत नाही. लतेने क्षमा का करावी याचे उत्तर कथेने शोधायला हवे होते. नायकाने विष घेतल्यामुळे तो प्रश्न विचारायलाच कोणी उरत नाही. मरणाच्या दारात असलेल्या माणसाला कोण नाही म्हणणार? तिचा नकार पटवून देण्यात चित्रपट जितका यशस्वी होतो, तितका तिचा होकार पटवून देण्यात होत नाही. तरीही प्रेक्षकांना हा शेवट हवा होता, असे गल्ल्याने सिद्ध केले.

चित्रपट प्रचंड चालला. रामानायडूंना गावी परतावे लागले नाही. १९७२ साली प्रकाशराव यांनीच ही कथा तमिळमध्ये ‘वसंत माळिगै’ नावाने केली. नायक शिवाजी गणेशन, नायिका पुन्हा वाणिश्री, संगीत पुन्हा महादेवन यांचे, गीते कण्णदासन यांची. तमिळ प्रेक्षकांत त्या चित्रपटाचे स्थान आजही मूळ ‘प्रेमनगर’ इतकेच पक्के आहे. हिंदी आवृत्तीचे दिग्दर्शनही प्रकाशराव यांचेच आणि निर्मिती रामानायडूंची. गीते आनंद बक्षी यांची. एकाच दिग्दर्शकाने एक कथा चार वर्षांच्या आत तीन भाषांत, तीन वेगळ्या नायकांना घेऊन करावी, हे विरळाच. ज्यांना तिन्ही पाहता येतील त्यांनी नायकांची तुलना करावी: नागेश्वरराव संयत, शिवाजी गणेशन ओथंबलेले, राजेश खन्ना लाडिक.

या यशानंतर रामानायडू लेखिकांच्या कादंबऱ्यांकडे पुन्हा पुन्हा वळले. यद्दनपूडींच्या ‘जीवन तरंगालू’ वर १९७३ साली, कौसल्यादेवींच्या ‘चक्रवाकम्’ वर १९७४ साली चित्रपट आले आणि या दोन्हींत वाणिश्री होत्या. १९७६ साली ‘सेक्रेटरी’ आला, तेव्हा नागेश्वरराव, वाणिश्री आणि प्रकाशराव हे तिघेही पुन्हा एकत्र होते. इतर निर्मात्यांनीही हाच मार्ग धरला. १९७३ साली विजयनिर्मला यांनी यद्दनपूडींच्या ‘मीना’ चे दिग्दर्शन केले आणि नायिकेची भूमिकाही स्वतःच केली. १९७५ साली दासरी नारायणराव यांनी रंगनायकम्मांचे ‘बलिपीठम्’ पडद्यावर आणले. पुढच्या दशकात साप्ताहिकांच्या वाचकांची रुची पालटली. यंडमूरी वीरेंद्रनाथ यांच्या रहस्यप्रधान कादंबऱ्यांचा जोर वाढला आणि १९८३ सालच्या ‘अभिलाष’ पासून निर्माते त्यांच्याकडे रांग लावू लागले. त्यांतील अनेक कथांचा नायक चिरंजीवी होता.