गप्पी मासा : विहिरीतून दिवाणखान्यात

१/ ट्रॉम्बेपासून बोरिवलीपर्यंत अनेक घरांच्या काचपेटीत पहिला येतो तो गप्पी मासा. भारतात मात्र तो शोभेसाठी नव्हे, हिवतापाशी लढण्यासाठी आणला गेला. त्याचा हा इतिहास.

२/ गप्पीचे मूळ त्रिनिदाद व दक्षिण अमेरिकेत. रॉबर्ट लेचमीअर गप्पी यांनी त्रिनिदादहून ब्रिटिश म्युझियमला नमुने पाठविले. १८६६ साली माशाला त्यांचे नाव मिळाले. १९०८च्या सुमारास तो भारतात आला.

३/ १९११च्या अहवालात डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचे मूळ शहराच्या विहिरींत दाखविले. विहिरी बुजवाव्यात, तर हिंदू व पारशी दोघांनाही त्या पूज्य. साहजिकच विरोध झाला. अळ्या खाणारा मासा सोडला, तर विहीर उघडी राहू शकत होती.

४/ विहिरीतल्या गप्पीला कोणी खाऊ घालीत नसे, आणि तेच इष्ट होते. भुकेला मासाच अळ्या टिपतो. काचपेटीतही चिमूटभर, काही मिनिटांत संपेल इतकेच खाद्य पुरे. उरलेले कुजून पाणी नासते.

५/ डासनिर्मूलनासाठी गप्पी आजही वापरला जातो. परंतु नैसर्गिक पाण्यात हा परका, झपाट्याने वाढणारा मासा स्थानिक माशांच्या मुळावर येऊ शकतो. म्हणून घरचा गप्पी नकोसा झाला, तरी तलावात सोडू नये. दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा.