माग: घोड्याच्या डागापासून जीपीएसपर्यंत

गेले दोन वीकांत एकाच कामात गेले. गाडीला चोरीचा इशारा देणारं आणि चोरी झालीच तर गाडी शोधून देणारं यंत्र निवडणं. वरकरणी सोपं काम. पण दुकानदार एक सांगतो, मेकॅनिक दुसरं, आणि जालावर प्रत्येक यंत्र जगातलं सर्वोत्तमच असतं. शेवटी आम्हा संगणकवाल्यांची जुनी खोड उपयोगी पडली: आधी गरज काय ते लिहून काढा, मग वस्तू बघा.

लिहून काढल्यावर लक्षात आलं की आपण 'सिक्युरिटी सिस्टीम' म्हणून जे घेतो त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असतात. ओळख, म्हणजे ही गाडी माझीच, हे सिद्ध करता येणं. अडथळा, म्हणजे चोराला ती नेता न येणं. गजर, म्हणजे कुणी हात लावला की बोंब होणं. आणि माग, म्हणजे गेलीच तर कुठे गेली ते कळणं. गंमत म्हणजे या चारही गोष्टी आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात शेकडो वर्षं जुन्या आहेत. तेव्हा गाडीच्या जागी घोडा आणि बैल होते, एवढंच!

ओळखीपासून सुरुवात करू. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला आणि रामदेवरायाकडून अफाट लूट घेऊन गेला, हे आपण शाळेत शिकलो. दिल्लीचा सुलतान झाल्यावर त्याने केलेली एक गोष्ट मात्र परीक्षेपुरतीच लक्षात राहते. त्याने फौजेतल्या घोड्यांना डाग द्यायची आणि सैनिकांचा हुलिया, म्हणजे चेहरेपट्टीचं वर्णन, नोंदवून ठेवायची पद्धत लागू केली. कारण सरळ होतं. सरकारी पैशाने घेतलेला चांगला घोडा विकून टाकायचा आणि हजेरीला मरतुकडं तट्टू उभं करायचं, किंवा तोच घोडा दोनदा दाखवायचा, असले प्रकार चालत. पुढे अकबराने १५७३-७४ च्या सुमारास हीच पद्धत नव्याने आणली.

आजचा चासी नंबर म्हणजे हाच डाग. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झालेली आणि पुढे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही लावायला सांगितलेली हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, तीही त्याच घराण्यातली. ओळख चोरी थांबवत नाही. चोरीचा माल विकणं अवघड करते. चोराचा नफा कमी करणं हाही बंदोबस्तच की.

आता अडथळा आणि गजर. या बाबतीत आपल्या गावाला कुणी शिकवायची गरज नाही. देवगिरीचा किल्ला म्हणजे अडथळ्यांवर अडथळे: तट, खंदक, अरुंद वाट आणि ती प्रसिद्ध अंधारी. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचं नाव औरंगाबाद झालं, आणि १६८० च्या दशकात शहराभोवती तट उभा राहिला. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात ते उगाच नाही. भडकल, पैठण, मकाई, दिल्ली, रोशन... यातले काही आज आपण रोज हॉर्न वाजवत पार करतो.

पण तटाची एक मर्यादा आहे. तो आतल्याला वाचवतो आणि चोराला बाहेरच्याकडे पाठवतो. स्टिअरिंग लॉकचंही तेच. माझ्या गाडीला पिवळाधमक लॉक दिसला की चोर शेजारच्या गाडीकडे वळणार. माझं भागलं, पण चोरी कमी झाली नाही, फक्त तिचा पत्ता बदलला.

चौथी गोष्ट माग. आणि इथे मला आपल्या गावगाड्याचं खरं कौतुक वाटलं.

आपण 'माग काढणे', 'मागावर असणे' असं सहज म्हणतो, पण हा एकेकाळी पक्का धंदा होता, व्यवस्था होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला आणि पुढे १८४१ मध्ये जो इतिहास छापला, त्यात गावच्या राखणदाराचं वर्णन येतं. कुठे महार, कुठे रामोशी, कुठे भिल्ल. गावात कोण आलं, कोण गेलं, कोण कसा आहे, हे त्याला ठाऊक असे. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढायचा. माग गावच्या शिवेबाहेर गेला आणि पुढच्या गावच्या राखणदाराला तो पटला, की याची जबाबदारी संपली. पुढचा शोध त्या गावाने घ्यायचा. माग ज्या गावात हरवला, ते गाव अडकलं. नुकसान भरून द्यायची वेळ त्याच्यावर येऊ शकत असे.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे चक्क नेटवर्क आहे! प्रत्येक गाव एक नोड, शिवेवर एक पावती घेऊन जबाबदारी पुढे सरकते, आणि पाकीट जिथे गहाळ होईल तिथला नोड दोषी. मधल्या कुणालाही 'आमचा काय संबंध' म्हणायची सोय नाही.

या कल्पनेची आधुनिक आवृत्ती मला सापडली ती थेट अमेरिकेत. १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात लोजॅक नावाचं यंत्र आलं. गाडीत कुठेतरी दडवलेला छोटा रेडिओ ट्रान्समीटर. गाडी चोरीला गेल्याची तक्रार झाली की तो जागा होई आणि पोलिसांच्या गाड्यांतले रिसिव्हर त्याचा माग काढत. महत्त्वाची गोष्ट अशी की गाडीवर स्टिकर नाही, खूण नाही. कुठल्या गाडीत तो आहे हे चोराला कळायला मार्गच नाही.

आयर्स आणि लेव्हिट या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये याचा अभ्यास छापला. ज्या शहरांत लोजॅक आलं तिथे गाडीचोरी एकूणच झपाट्याने घटली. ज्यांनी यंत्र बसवलं नव्हतं त्यांच्याही गाड्या वाचल्या, कारण चोराला आता प्रत्येक गाडीची भीती! त्यांच्या हिशोबाने यंत्र विकत घेणाऱ्याला एकूण फायद्याच्या दहा टक्क्यांहूनही कमी वाटा मिळत होता. बाकीचा सगळा गावाचा. म्हणजे दिसणारा लॉक चोरी शेजाऱ्याकडे ढकलतो आणि लपलेला मागकर शेजाऱ्यालाही वाचवतो.

जीपीएसचं काम थोडं वेगळं. गाडीतला रिसिव्हर फक्त ऐकतो. निदान चार उपग्रहांकडून आलेल्या वेळेच्या खुणांवरून तो स्वतःची जागा काढतो आणि ती आतल्या सिमकार्डावरून आपल्या मोबाईलला कळवतो. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी वापराच्या सिग्नलमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि शंभरेक मीटरची अचूकता एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. तिथून हा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला. आपल्याकडे २०१९ पासून नव्या बस, टॅक्सी वगैरेंना असं यंत्र आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं झालं. खाजगी गाडीला तशी सक्ती नाही.

इथवर सगळं छान आहे. पण या इतिहासाला एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख अर्धवट राहील.

इंग्रजी राज्य आल्यावर राखणदारांचे हक्क, इनामं आणि मान हळूहळू गेले. पुरंदरच्या रामोशांचे किल्ल्याच्या राखणीचे हक्क गेले. त्यांच्यातलाच उमाजी नाईक बंड करून उठला आणि ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फासावर गेला. इकडे कन्नडहून चाळीसगावला जाताना आपण जो औट्रम घाट उतरतो ना, त्याला ज्याचं नाव आहे त्या जेम्स औट्रमने १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली. काही भिल्ल पलटणीत गेले, बाकीच्यांच्या मागे तीच पलटण लागली. ज्यांनी माग काढायचा, त्यांचाच आता माग काढला जाऊ लागला.

आणि मग १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. माणूस जन्मानेच संशयित. नाव नोंदवा, हजेरी द्या, परवान्याशिवाय गाव सोडू नका. १९११ च्या कायद्याने बोटांचे ठसेही आले. सोलापुरात तर अशा जमातींसाठी तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, पण कपाळावरचा शिक्का सहज पुसला गेला नाही. कधीकाळी गावाची राखण करणारे रामोशी महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आजही आहेत. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' ज्यांनी वाचलं असेल त्यांना हा शिक्का म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, गाडीच्या यंत्राचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे. गाडीला लावलेलं यंत्र चोरीच्या दिवशी चोराचा माग काढतं. बाकीचे सगळे दिवस ते कुणाचा माग काढतं? ड्रायव्हरचा. बायकोचा. नुकतंच लायसन मिळालेल्या मुलाचा. माझ्या ओळखीत दोन-तीन जण आहेत ज्यांनी चोरीसाठी म्हणून यंत्र घेतलं आणि आता दिवसातून दहादा बघतात की ड्रायव्हर चहाला किती वेळ थांबला. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसतो. चोरी झाली नाही, गुन्हा नाही, आणि तरी हजेरी चालू! जुना माग चोरीनंतर, चोरीच्या जागेवरून सुरू व्हायचा. कायद्याने तो माणसाच्या जन्मापासून सुरू केला. आपल्या हातातला मोबाईल यातलं काहीही करू शकतो, निवड आपली.

असो. तर माझी निवड कशी झाली ते सांगतो, कुणाला उपयोग होईल.

एक, यंत्र लपलेलं हवं आणि वायरिंगला जोडलेलं हवं. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये खोचायचं यंत्र चोर पाच सेकंदात उपटतो. दोन, आत स्वतःची बॅटरी हवी आणि गाडीच्या बॅटरीची वायर कापली की लगेच मेसेज यायला हवा. तीन, जीपीएसला आकाश लागतं, सिमला टॉवर. तळघरातल्या पार्किंगमध्ये दोन्हींची बोंब असते. म्हणून विकत घेण्याआधी आपल्याच पार्किंगमध्ये चाचणी घ्या. चार, इंजिन बंद करायची सोय असेल तर ती चालत्या गाडीत काम करता कामा नये. मागून ट्रक येत असेल तर? पाच, चासी नंबर, इंजिन नंबर आणि गाडीचे फोटो घरी वेगळे लिहून ठेवा. हा आपला डाग, आणि तो फुकट आहे.

आणि सहा, जी यादी करताना माझ्या कागदावर नव्हती: जो कुणी गाडी चालवतो त्याला यंत्राबद्दल आधी सांगायचं, आणि नोंदी आठवड्याहून जास्त ठेवायच्या नाहीत. पासवर्ड घरात दोघांकडे, आणि नकाशा उघडायचा तो गाडी जागेवर नसेल तेव्हाच. आमच्या ड्रायव्हरकाकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "बरं झालं साहेब, रात्री गाडी माझ्याकडे असते, मलाच घोर असायचा." त्यांनाही ते हवंच होतं. फक्त कुणी विचारलं नव्हतं.