एरंडेल, देवमासा आणि आमचा ट्रॅक्टर

मागच्या दिवाळीत आष्टीला गेलो, तेव्हा आमच्या जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट रुसलेली. पेरणीयंत्र अर्ध्यावर उचलायची आणि तिथेच थरथरत राहायची. हरभऱ्याची पेरणी तोंडावर आलेली, ओल उडून चाललेली. मी फोनवर पंपाची किंमत शोधायला लागलो. अण्णा म्हणाले, "पंपाचं मंग पाहू. आधी तेल पाह्य."

लिफ्टचा आणि गिअरच्या तेलाचा काय संबंध? इंजिनिअरिंगची चार वर्षं कोडिंगमध्ये घालवल्यामुळे मला ठाऊक नव्हतं.

अण्णांनी पद्धत सांगितली. ट्रॅक्टर सपाट जागी, लिफ्ट खाली, इंजिन बंद. थोडं थांबायचं, म्हणजे वर उडालेलं तेल खाली बसतं. मग तेलाची काडी काढून फडक्याने पुसायची, परत बुडवायची आणि दुसऱ्यांदा काढून पाहायची. पहिलं माप धरायचं नाही. मी पाहिलं तर तेल वरच्या खुणेच्याही वर. म्हणालो, "भरपूर आहे की!" अण्णांनी ते बोटांवर घेतलं. दूध घातलेल्या चहासारखा रंग. "भरलंय खरं, पण पाण्यानं भरलंय." गिअरच्या दांड्याखालचं रबर फाटलं होतं, आणि पावसाळाभर ट्रॅक्टर उघड्यावर उभा होता.

रात्री मी वाचत बसलो. या दोस्तीचा मोठा वाटा हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाकडे जातो. अवजार ट्रॅक्टरमागे नुसतं ओढण्यापेक्षा तीन दांड्यांवर जोडून तेलाच्या दाबाने उचलावं, ही त्याची कल्पना. 1946 पासून इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनलेल्या त्याच्या टीई-20 ट्रॅक्टरमध्ये लिफ्टचा पंप गिअरच्याच पेटीत बसवलेला होता. एकच तेल दात्यांना वंगण देणार आणि नांगरही उचलणार. 1960 मध्ये मद्रासला टॅफे कंपनी निघाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर भारतात तयार होऊ लागले. हीच रचना पुढे आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टरांत रुळली. म्हणून तेल बिघडलं की लिफ्ट आधी कुरकुरते.

पण तेल पाहायची सवय ट्रॅक्टरहून जुनी आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण लागायचं. ते ठेवायचं नळकांडं गाडीलाच टांगलेलं असे. त्यासाठी एरंडेलही वापरत. आपल्या बांधावरचा एरंड म्हणजे 'ओसाड गावी एरंड बळी' या म्हणीतला बिचारा. पण त्याचं तेल घट्ट आणि धातूला चिकटून राहणारं. 1909 मध्ये इंग्लंडच्या वेकफिल्ड कंपनीने मोटारी आणि विमानांसाठी तेल काढलं, त्यात एरंडेल मिसळलं आणि एरंडीच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरून त्याला कॅस्ट्रॉल म्हटलं. बांधावरचा एरंड असा जगभरच्या डब्यांवर पोचला.

दुसरं तेल मात्र समुद्रातून आलं. जनरल मोटर्सने 1940 च्या ओल्ड्समोबिल गाडीत हायड्रामॅटिक हा स्वयंचलित गिअरबॉक्स दिला. त्यातल्या तेलाचं काम अवघड. त्याने दाब पोचवायचा, उष्णता वाहून न्यायची, आणि आतल्या चकत्यांना अलगद पकडूही द्यायचं. नुसतं गुळगुळीत तेल असेल तर चकत्या घसरतात. ही पकड नीट साधावी म्हणून त्यात स्पर्म देवमाशाचं तेल घालत. 1970 मध्ये अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत टाकला आणि पर्याय शोधावे लागले. देवमाशाच्या तेलाला पर्याय म्हणून नाव झालेल्यांत जोजोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांचं तेल होतं. पुन्हा एक कोरडवाहू झुडूप! गिअर बदलायचा कंटाळा माणसाला, आणि किंमत देवमाशाला.

सकाळी आम्ही खालचा बोल्ट सैल केला. रात्रभरात तळाशी बसलेलं पाणी आधी आलं, मग पांढरट तेल. ते नाल्यात ओतू दिलं नाही. कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलं. नवं रबर बसवलं, नवं तेल थोडं थोडं ओतत काडी पाहत गेलो. दुपारी लिफ्ट सरळ वर गेली. पंपाला हात लावावा लागला नाही, आणि हरभरा ओलीत पडला.

जेवताना मी अण्णांना सांगितलं, "पुण्यातल्या माझ्या ऑटोमॅटिक गाडीत गिअरच्या तेलाची काडीच नाही. ते तेल जन्मभर बदलावं लागत नाही म्हणे."

"कोणाच्या जन्मभर?" अण्णांनी विचारलं. "तुझ्या का गाडीच्या?"

मला हसू आलं, पण उत्तर नव्हतं. फर्ग्युसनपासून अण्णांपर्यंत सगळ्यांकडे एक काडी होती. यंत्राच्या पोटात काय चाललंय ते त्यांना पुसून, बुडवून, बोटांवर घेऊन पाहता येत होतं. पुण्याला परतल्यावर मी मेकॅनिककडे गेलो आणि गाडी लिफ्टवर चढवून तेल तपासायला लावलं.