तांबटाचा पत्रा आणि पेटंटाचा कागद

वाचकहो, तांबट म्हटला म्हणजे तुमच्या डोळ्यांपुढे घागर, हंडा, बंब आणि ठोक्यांचा तो ठणठण आवाज येतो. पण एका तांबटाच्या हातून आपल्या मिरजेत एक पोथी छापून निघाली होती, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? आणि तीही केव्हा? १८०५ साली, म्हणजे पेशवाई अजून बुडायची होती तेव्हा!

गोष्ट अशी आहे. सर चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील पुण्यात पेशव्यांच्या दरबारी होता. त्याच्या पदरी राहून एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर छपाईसाठी कोरीव काम करण्यास शिकला. नाना फडणविसांची दृष्टी मोठी चौकस. त्यांनी या कारागिराकडून भगवद्गीता कोरवून घेऊन छापण्याचा घाट घातला. पण १८०० साली नाना वारले आणि काम अर्धवट राहिले. तेव्हा मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी त्या तांबटास आश्रय दिला, आणि १८०५ मध्ये ती गीता मिरजेस छापून झाली.

आता हे काम किती बिकट, ते पाहा. आपल्याकडे राजे लोक जमिनीची सनद ताम्रपटावर कोरवून देत. त्यातली अक्षरे सुलटी, कारण पत्राच वाचायचा असे. छपाईच्या पत्र्यावर मात्र अक्षर आरशात दिसते तसे उलटे कोरावे लागते. अशा छपाईची रीत साधारण अशी असते : कोरलेल्या खाचांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग स्वच्छ पुसून घ्यायचा, आणि ओलसर कागद वर ठेवून जोराने दाबायचा. खाचेतली शाई कागद ओढून घेतो आणि अक्षर सुलटे उमटते. गीतेचे श्लोक सातशे. त्यातली प्रत्येक वेलांटी, प्रत्येक मात्रा उलटी कोरायची. नुसती कल्पना करा!

योगायोग असा, की त्याच १८०५ साली दूर बंगालात श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी या पाद्र्याने मराठीचे व्याकरण छापले. पण त्याची रीत निराळी होती. तिकडे प्रत्येक अक्षराचा सुटा खिळा पाडलेला होता. आज जो खिळा व्याकरणात बसला, तोच उद्या दुसऱ्या पुस्तकात बसेल. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली गीता ही कायमची गीताच. त्यातून दुसरे पुस्तक निघणार नाही.

मग मिरजेच्या त्या विद्येचे पुढे काय झाले? ती तिथेच थांबली. त्या गीतेमागून मिरजेत छापखान्यांची परंपरा उभी राहिली नाही. कारागिराची कला हातात होती, कागदावर नव्हती. इतिहासात तो बिचारा ‘एक तांबट’ म्हणूनच उरला. मॅलेटचे नाव राहिले, नानांचे राहिले, गंगाधररावांचे राहिले. ज्याची बोटे झिजली, त्याचा मात्र नुसता धंदा सांगितला जातो.

याच सुमारास युरोपात काय चालले होते, तेही बघू. बव्हेरियात आलॉइस सेनेफेल्डर नावाचा नाटके लिहिणारा एक गरीब गृहस्थ होता. आपली नाटके स्वस्तात छापावीत म्हणून तो खटपट करीत होता. त्यातून १७९६ च्या पुढे दोन-तीन वर्षांत त्याने शिळाछापाची युक्ती शोधली. तेलकट शाईने दगडावर लिहायचे आणि दगड पाण्याने भिजवायचा. तेल आणि पाणी एकमेकांशी जमत नाहीत. म्हणून छपाईची शाई फक्त अक्षरांवर बसते, कोऱ्या दगडावर बसत नाही. याला कोरणे नको, खिळे नकोत. आज ऑफसेट छापखान्यात ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा वापरतात, त्याच्या मुळाशी हेच तेल-पाण्याचे वैर आहे.

सेनेफेल्डरने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आपल्या राज्यात आणि १८०१ साली इंग्लंडात त्याने आपल्या शोधाचा हक्क सरकारदरबारी नोंदवला. दुसरी अशी, की १८१८ मध्ये साऱ्या रीतीचे सविस्तर पुस्तकच लिहून काढले. त्यामुळे ती विद्या गावोगाव गेली आणि मुंबईलाही पोचली. तिथे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करणाऱ्या गणपत कृष्णाजींनी ती पाहिली, आणि स्वतः खटपट करून लाकडी यंत्र व शाई तयार केली. १८३१ साली त्यांनी पंचांग छापले. त्यामागून जावजी दादाजी आले. त्यांनी देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला.

पेटंट म्हणजे तरी काय? पुष्कळांची समजूत अशी, की पेटंट म्हणजे गुपित राखण्याचा परवाना. गोष्ट अगदी उलट आहे, बरं का! पेटंट हा एक सौदा आहे. शोध लावणाऱ्याने आपली युक्ती उघडपणे, चित्रांसह, दुसऱ्या जाणत्या माणसाला करता येईल अशी लिहून द्यायची. बदल्यात सरकार त्याला ठरावीक वर्षे एकट्याने तिचा लाभ घेऊ देते. मुदत संपली की ती सर्वांची. आपल्या देशात असा कायदा प्रथम १८५६ साली झाला. त्याखालचा पहिला हक्क कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी झुलत्या पंख्याच्या सुधारणेसाठी मिळवला. तेव्हा मुदत चौदा वर्षांची होती. आज १९७० च्या कायद्यान्वये, पुढच्या दुरुस्त्या धरून, ती वीस वर्षांची आहे.

तथापि पेटंट मिळाले म्हणजे घरावर सोन्याची कौले चढली, असेही नव्हे. मुंबईचे शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे उदाहरण घ्या. छपाईचे खिळे झपाट्याने पाडणारे यंत्र त्यांनी काढले. लंडनला गेले, पेटंटे घेतली. दादाभाई नौरोजींनी पाठबळ दिले, सर रतन टाटांनी भांडवल दिले. पुढे ते अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्कमध्येच वारले. बुद्धी अचाट, पण यंत्राच्या मागे कारखाना आणि बाजार उभा करण्यात त्यांचे अर्धे आयुष्य खर्ची पडले. तरी एक फरक लक्षात घ्या. भिसे यांचे नाव आणि त्यांची यंत्रे आजही आपल्याला सांगता येतात, कारण त्यांचे कागद आहेत. मिरजेच्या तांबटाचा असा कागद नाही.

कागदाचे मोल सांगलीकरांना तर हळदीवरून कळावे. जखमेवर हळद दाबावी, हे कोणत्या आजीला ठाऊक नाही? पण १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला नेमक्या याच उपयोगाचे पेटंट मिळाले. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, त्याला हरकत घेतली. तिथे ‘आमची आजी सांगते’ हे चालले नाही. जुने संस्कृत ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवावे लागले. तेव्हा कुठे १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीचे शहाणपण खरेच होते. ते लिहिलेले सापडले म्हणून वाचले.

आता मिरजेच्या शेजारच्या कुपवाडकडे वळू. तिथल्या औद्योगिक वसाहतीत लेथवर, साच्यावर, वेल्डिंगवर काम करणारे किती हात रोज काहीतरी नवे करीत असतात! कुणी पकड बदलतो, कुणी पाण्याचा पंप जास्त टिकेल अशी तोड काढतो. त्यातले बहुतेक शब्दही न उरता विरून जाते. म्हातारा मिस्त्री निवृत्त होतो आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही घरी जाते.

म्हणून कारागीर बंधूंनो, एक वही ठेवा. काय केले, कोणत्या तारखेला केले, का केले, ते आकृतीसह लिहा. युक्ती खरोखर नवी वाटली, तर प्रदर्शनात मांडण्याआधी किंवा विकण्याआधी अर्जाची चौकशी करा. कारण जगाला आधी दाखवलेली गोष्ट कायद्याच्या लेखी नवी राहत नाही. पेटंट कचेरीची शाखा मुंबईत आहे.

आणि गुरुजनहो, तुमच्याकडे एक मागणे आहे. मुलांना गावातल्या सुतारकामावर, लोहारकामावर, पंपदुरुस्तीवर पाठवा आणि तिथली एक-एक रीत लिहून आणायला सांगा. खाली त्या कारागिराचे नाव घालायला सांगा. पेटंट शंभरात एखाद्यालाच लागेल. पण नाव लिहिण्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. तेवढे आपण केले, तर पुढच्या तांबटाची ओळख नुसता ‘एक तांबट’ अशी उरणार नाही.